मावशींचे मिस्टर

समोरचा लाँड्रीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "दुसऱ्याचं चांगलं झालं की ज्याच्या पोटात दुखत नाही, असा माणूस या गल्लीत एकच. आमचे पेंटर." तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्यात भर घालत, "देवमाणूस हो! स्वतःच्या घराची भिंत रंगवायला सवड नाही, पण मंडळाची एक संध्याकाळ चुकवायचे नाहीत." पेंटरांच्या पोटात काय होते, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एकट्या बायकोला. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर लिहिणारी. लोकांची दुखणी चार जणांत न बोलण्याची तिला सवय होती.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सायकल दुकानाच्या माडीवर तरुणांचे मंडळ काढले. एक लांबट खोली, दोन कॅरम, वर्तमानपत्रांचा स्टँड आणि शाळेसारख्या ओळीत मांडलेल्या वीस खुर्च्या. सहाच्या ठोक्याला हजेरी, मग पाळीपाळीने मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे, मग नोकरीच्या मुलाखतीचा सराव. नव्याने आलेल्याला समोर उभे करून ते पहिला प्रश्न टाकत, "बोल, काय व्हायचंय?" कुणी म्हणे इंजिनिअर, कुणी वकील. पेंटर ते वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेत आणि दर वर्षी पुन्हा विचारत. मंडळात सगळे त्यांना 'सर' म्हणत. दिवसभर शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला 'ओ पेंटर, जरा डावीकडे घ्या' एवढेच ऐकायला मिळते. संध्याकाळच्या त्या एका शब्दावर त्यांचा दिवस निभावून जाई.

औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडी सरकली आणि त्यांचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. मंडळ बंद पडू नये म्हणून त्यांनीच किल्ली बायकोच्या हाती दिली आणि सोबत सूचनांचा कागद.

"फक्त हजेरी घे आणि हे वाचून दाखव. बाकीचं मी आल्यावर बघतो."

पहिल्या दिवशी चौदा जण आले होते. दुसऱ्या आठवड्यात ती सांगू लागली, "आज बावीस. खुर्च्या कमी पडल्या, सतरंजी अंथरली."

"बावीस? करता तरी काय तुम्ही?"

"काही नाही. बोलतो."

"माझा कागद वाचलास ना?"

"वाचला की. मग बोलत बसलो."

प्लॅस्टरच्या आत खाज सुटल्याचे निमित्त करून पेंटरांनी तोंड भिंतीकडे फिरवले. खाज पायाला नव्हतीच.

प्लॅस्टर निघाल्यावर कुबडी टेकत ते माडी चढले. खुर्च्यांच्या ओळी मोडून गोल केलेला होता आणि त्या गोलात सरांनी कुठे बसायचे ते काही दिसेना. दाराजवळची एक नवखी मुलगी उठली. "बसा काका."

"अगं, काका काय? सर आहेत ते!" पलीकडून खणखणीत आवाज आला. तो 'भोंगा'चा. ही मुलगी कुजबुजली तरी खालच्या सायकलवाल्याला ऐकू जाई, म्हणून हे नाव. नवखीचा गोंधळ पाहून तिने खुलासा केला, "मावशींचे मिस्टर."

सगळे हसले. पेंटरही हसले. सहा आठवड्यांत बायको मावशी झाली होती आणि मंडळ काढणारा माणूस तिच्या नात्याने काका!

तेवढ्यात बायकोने कोपऱ्यातल्या एका तरुणाकडे पाहिले. "तुला काय होतंय रे?" दवाखान्याच्या खिडकीशी आलेल्या माणसाला विचारावे तसे, पण मागे रांगच नसल्यासारखे तिने विचारले. हा सुताराचा मुलगा. पाच वर्षे न चुकता येणारा; पेंटरांच्या वहीत पाचही वर्षे त्याच्या नावापुढे 'पोलीस अधिकारी' असे लिहिलेले.

"मावशी, मला नीट वाचता येत नाही," तो खाली बघत म्हणाला. "अक्षरं सरकतात. पेपर वाचायची पाळी असली की मी आधी कुणाकडून तरी ऐकून पाठ करायचो."

कुणी हसले नाही. ती म्हणाली, "मग उद्यापासून अर्धा तास लवकर ये."

अक्षरांवर जन्म काढलेल्या पेंटरांना हे ऐकून वाईट वाटायला हवे होते. तसे ते वाटलेही, पण मागाहून. आधी मनात आले ते हे, की हिला का सांगितले? मला का नाही? त्यांनी मुलाकडे रोखून पाहिले. मुलाने मान आणखी खाली घातली.

घरी आल्यावर ते म्हणाले, "लाडावून ठेवलीस पोरं."

"मी फक्त विचारलं."

"अकरा वर्षं मी काय करतोय मग?"

"तुम्ही काय व्हायचंय ते विचारता. मी काय होतंय ते विचारते. माझ्या खिडकीत दुसरं काही विचारतच नाहीत."

"म्हणजे चुकलं माझंच!"

"अहो, असं कुठं म्हटलं मी? इतकं लागत असेल तर उद्यापासून नाही येत. ही घ्या किल्ली."

नको म्हणण्याइतकी लाज पेंटरांना होती. पण हात त्या लाजेच्या आधी पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्च्या स्वतः ओळीत लावल्या. त्या दिवशी अठरा आले, नंतर तेरा, चौथ्या दिवशी नऊ. सुताराचा मुलगा एकदाही फिरकला नाही. शेवटी घसा खाकरून पेंटरांनी बायकोची विद्या वापरून पाहिली. "काय होतंय रे तुम्हाला?"

नऊच्या नऊ जण ताठ बसले. भोंगा म्हणाली, "सर, राग मानू नका, पण तुम्ही विचारलं की चोरीचा माल कुठं लपवलाय असं विचारल्यासारखं वाटतं."

पेंटरांनी तो घोट गिळला. "आणि तो सुताराचा?"

"तो कशाला येतोय? मावशी त्याला शिकवणार होत्या, त्याच नाहीत. शिवाय तुम्ही त्या दिवशी त्याच्याकडे असं पाहिलंत, की तो म्हणतो, सर माझ्यावर रागावलेत. वाचता येत नाही म्हणून."

ती रोखलेली नजर रागाची नव्हती, हेव्याची होती, हे त्या मुलाला कोण सांगणार?

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. पेंटरांनी किल्ली घड्यांवर ठेवली. "उद्यापासून तूच चालव. मुलाखतींचा सराव तेवढा मी घेईन. आणि त्या सुताराच्या पोराला निरोप धाड. रागावलो नव्हतो म्हणावं."

"आणि तुमच्या पोटातलं दुखणं?"

"ते आहे तिथंच आहे."

"केसपेपर काढू का?"

पेंटर हसले नाहीत. पण जेवण नेहमीइतके जेवले.

रविवारी त्यांनी मंडळाची पाटी खाली उतरवली आणि 'संचालक' या शब्दापुढचे स्वतःचे लांबलचक नाव खरवडून काढले. बायकोचे नाव तीनच अक्षरांचे. जागा भरपूर उरत होती. तरी खडूने आखताना हात दोनदा अक्षरे बारीक काढण्याकडे वळला. दोनदा पुसून त्यांनी ती पूर्ण जागेला पुरतील अशी आखली आणि ब्रश उचलला.

लाँड्रीवाला रस्ता ओलांडून आला. "वा पेंटर! एवढं मोठं मन आणता तरी कुठून?"

पेंटरांनी ब्रश थांबवला नाही. "मन-बिन काही मोठं नाही. अजून जळतोय मी. पण ती नसली तर तो पोरगा यायचा नाही, आणि माझ्या जळण्यानं त्याला वाचता यायचं नाही."