बिनभोकाचा टब

दामूशेठ कुठल्याही नव्या वस्तूवर आधी बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. मग ते कलिंगड असो, फ्रिज असो की वाशीहून आणलेला सोफा. त्यांचं आयुष्य करावे गावच्या खाडीत होडी चालवण्यात गेलं होतं. लाकूड सडलंय की धड आहे हे त्यांना आवाजावरून कळायचं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बंगला झाला आणि दामू होडीवाल्याचे दामूशेठ झाले. होडी अंगणात उपडी पडली. टकटक तेवढी राहिली.

आम्ही साताऱ्याकडचे, बंगल्यामागच्या खोलीत भाड्याने राहायचो. वडील मार्केटात माथाडी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शेठ मला नावाने हाक मारत नसत.

"ए कालेज," एका सकाळी ते दारात येऊन म्हणाले, "वाशीला जावाचं हाय. टब घेवाचा हाय. तिथं विंग्लिश लिवलेला असतंय, तू वाच."

टबाची निकड खरी होती. त्यांच्या मुलीला, संगीताला, बघायला नेरूळची माणसं येणार होती. मुलगा इंजिनीयर, त्याची आई शाळेत बाई. संगीताला मुलगा आवडला होता. तसं तिने आईच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, कानात सांगितलं होतं आणि काकींनी ते सगळ्या आळीला. पण आधीचं एक स्थळ "पैसा आहे, राहणीमान नाही" असा निरोप धाडून मोडलं होतं. तो शब्द शेठना लागला होता. कोणी शिकलेला भेटला की ते विचारायचे, "राहनीमान कंच्या दुकानात मिलतंय?" शेवटी मध्यस्थाने सांगितलं की नेरूळवाल्यांच्या न्हाणीघरात टब आहे. शेठना दुकान सापडलं.

मी टब फक्त सिनेमात पाहिला होता. तिथे माणूस दिसायचा कमी आणि फेस जास्त. त्यामुळे दुकानात मी माहितीपत्रक हातात धरून नुसता उभा राहिलो. शेठनी सगळ्या टबांवर टकटक केली, चपला काढल्या आणि सफारी सूटसकट एका गुलाबी टबात जाऊन बसले. दोन्ही कडा धरून डावीउजवीकडे डोलून पाहिलं.

"याची नाल कंची?" त्यांनी विचारलं.

सेल्समन माझ्याकडे बघू लागला. "नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक," मी हळूच सांगितलं.

"सर, टबाला पुढे-मागे नसतं," तो म्हणाला. "इकडे डोकं ठेवायचं, तिकडे पाय."

"मंग मेलेला मानूस झोपवता का काय?" शेठ म्हणाले. तेवढ्यात त्यांना पायाशी पाणी जायचं भोक दिसलं आणि ते ताडकन उठले. "फुटका माल दाखवतो व्हय रे?"

सेल्समनने परोपरीने समजावलं. वापरलेलं पाणी तिथून निघून जातं, सगळ्याच टबांना असतं. शेठ ऐकून घेत राहिले. "निंगून कशाला जावाचं? आनताना जीव जातंय." नळाला पाणी कसं यायचं हे आळीत राहणाऱ्यालाच कळावं. मला त्यांचं म्हणणं पटलं. पण माहितीपत्रकातल्या इंग्रजीत त्याचा खुलासा नव्हता, म्हणून मी पान उलटलं.

टब आला. बिनभोकाचा मिळाला नाही, म्हणून शेठनी स्वतः कापूस आणि राळ ठोकून भोक बुजवलं, होडीची फट बुजवतात तसं. प्लंबर हसला. शेठ म्हणाले, "माझ्या होरीत कंदी पानी आला नाय, या होरीतना जानार नाय."

अंघोळ मात्र कोणी केली नाही. काकी म्हणाल्या, "मी नाय बसाची त्यान. आपलाच मल आपल्याच अंगाला." शेठ पहिल्यासारखेच अंगणात दगडावर बसून तांब्याने अंघोळ करत राहिले.

पाहुणे आले त्या दिवशी शेठनी त्यांच्या मानासाठी उरणच्या तळ्यातून जिवंत जिताडा मासा मागवला होता. जिताडा मोठा, बादलीत मावेना. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आई उठून म्हणाली, "हात धुवायचे होते."

संगीताचा चेहरा उतरला. काकी "मोरीत या, मोरीत या" म्हणत मागे धावल्या, पण बाईंनी समोरचंच दार उघडलं होतं. गुलाबी टबात जिताडा ऐटीत फिरत होता.

शेठ उभे होते, हात जोडलेले. "बाई, आमचा राहनीमान ह्योच हाय," ते म्हणाले. "पोर मातर शिकलेली हाय."

बाईंनी वाकून मासा पाहिला. "आमच्या टबात आम्ही वर्षाचे तांदूळ भरून ठेवतो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उंदीर चढत नाहीत." मग हसू आवरत त्यांनी विचारलं, "कालवण करणार का तळणार?"

लग्न ठरलं. पुढे टबात पाणी साठवलं जाऊ लागलं आणि नळ गेला की अख्खी आळी कळशा घेऊन यायची. "राहनीमान न्या, राहनीमान," शेठ हाका मारून सांगायचे.

गेल्या उन्हाळ्यात शेठ गेले. पाण्याचा खडखडाट होता. त्यांना अंगणात, होडीशेजारी फळीवर ठेवलं होतं आणि शेवटची अंघोळ घालायला नळाला थेंब नव्हता. जावई आत गेला आणि टबातून बादल्या भरभरून आणू लागला. मी त्या त्याच्या हातातून घेत होतो. ज्या टबात शेठ कपड्यांसकट फक्त दुकानात बसले, त्याचं पाणी त्यांच्या अंगावर त्या दिवशी पडलं.

सगळं आटोपल्यावर कोणीतरी म्हणालं, सुतक आहे, उरलेलं पाणी उपसून टाका. लग्न झाल्यापासून अगदी शुद्ध बोलणारी संगीता दारात आडवी उभी राहिली.

"रवू द्या," ती म्हणाली. "आनताना जीव जातंय."