पडलो, रडलो, उठलो

चार माणसं एका जीपमधून आठवडी बाजार फिरायला लागली की किस्से आपोआप साचतात. ते सांगताना ऐकणारे हसतात. मी खाली बघतो.

आम्ही दारू सोडवायचं चूर्ण विकतो. चहात टाकायचं, पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही. पण लोक चूर्ण बघून घेत नाहीत, सांगणाऱ्याची कहाणी ऐकून घेतात, असं आमचे लीडर मुंजाभाऊ म्हणतात. म्हणून माइक धरणाऱ्या प्रत्येकाला कहाणी पाहिजेच. साचा ठरलेला: पडलो, रडलो, उठलो. "पडायला कितीबी टाइम घे," भाऊ शिकवतात, "रडताना घाई करू नको. अन् उठताना डबा हातात पाहिजे."

*

भाऊंची स्वतःची कहाणी निम्मी खरी. ते प्यायचे आणि त्यांची सुटलीही. पण ती आई गेल्यावर सुटली, तेव्हा हे चूर्ण निघालंच नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते ताडकळसच्या नालीत पडले होते. विक्री मंदावली की ते आणखी खोल पडायचे. नाली जाऊन रेल्वेचे रूळ आले. मग एका बाजारात त्यांनी बायकोचं मंगळसूत्रच विकून टाकलं. समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

नेमक्या त्या दिवशी वहिनी भाजी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मागं उभं राहून सगळं ऐकलं, गळ्याशी हात नेऊन चाचपलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हाय बाई. न्हाई इकलं अजून."

*

आमच्या सिंधूताईंची कहाणी नवऱ्याची. नवरा सोनपेठला शिवणकाम करतो, सुपारीसुद्धा खात नाही. ताईंनी त्याला माइकवर पार गटारात लोळवला आणि चूर्णानं उठवला. तेव्हापासून लोक दुकानात येऊन त्याची पाठ थोपटतात. तो म्हणतो, "मी कधी प्यालोच न्हाई." लोक म्हणतात, "असंच असतंय, कबूल करायला जड जातंय."

एकदा तो ताईंना न्यायला आला तेव्हा भाऊंना म्हणाला, "लय शाबासकी मिळायलीय. आता एकदा पिऊनच बघतो. फुकटची कामून घ्यावी?"

*

माझ्याकडं कहाणीच नव्हती. नववीत शाळा सुटली, पण दारूमुळं नाही. भाऊ वैतागले. "पेत न्हाईस, जुगार न्हाई, भांडण न्हाई. लेका, तू आजपर्यंत केलंस तरी काय?"

शेवटी त्यांनीच एक दिली. मी दारू पिऊन बापावर हात उचलायचो. पहिल्याच बाजारात बापासाठी 'अण्णा' हा शब्द तोंडात आला आणि मी खाली बघायला लागलो. मान वर होईना. आता गाठोडं उचलून घरी जावं लागणार असं वाटलं. तेवढ्यात पुढचे एक आजोबा म्हणाले, "ह्याचं खरं हाय. बघा की, किती लाजायलाय."

तेव्हापासून सगळ्यात जास्त डबे माझ्या कहाणीवर जातात. भाऊ बजावतात, "लाज सोडू नको बरं का. धंदा तिच्यावरच हाय."

*

ताडकळसला एक माणूस कहाणी संपल्यावर माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "दादा, हात थरथरायचे कवा थांबले तुमचे?"

मला काय माहीत? मी भाऊंकडं बघितलं. भाऊ त्याला जीपमागं घेऊन गेले आणि बराच वेळ बोलत बसले. माणूस डबा न घेताच गेला. मी विचारलं तर म्हणाले, "दवाखान्यात जा म्हणलं. थरथर सुटलेल्याचं चहात भुकटी टाकून भागत न्हाई."

मग त्यांनी माइक उचलला. "तर मंडळी, मी रुळावर पडलो होतो."

*

पोखर्णीला जायला मी नको म्हणत होतो. आमचं गाव तिथून जवळ. मी फक्त डबे देतो, एवढंच घरी माहीत होतं. अण्णांच्या कानावर हे जाऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं. भाऊ म्हणाले, "चल की. तिथं लाज आणखी येईल."

मी 'अण्णांवर हात उचलला' म्हणालो आणि समोर अण्णा दिसले. नरसिंहाचं दर्शन घेऊन आले होते, हातात नारळाची वाटी.

आमच्या गावचा एकजण गर्दीतून ओरडला, "ह्याचा बाप हितंच हाय, त्यालाच इचारा. हे पोरगं कधी प्यालंच न्हाई. फसवायलेत सगळे." लोक पुढं सरकले. कुणीतरी भाऊंचा दंड धरला.

एक बाई डबा छातीशी धरून अण्णांसमोर आली. "दादा, तुमी खरं सांगा. माझ्या लेकराला द्यायचंय."

अण्णांच्या कपाळावर टोपीखाली एक जुनी खूण आहे. मी रांगत होतो तेव्हा बैल माझ्यावर धावून आला आणि अण्णा मधे पडले, तेव्हाची. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली.

"हे बघ माय," ते म्हणाले, "ह्यानंच मारलं. आता पेत न्हाई."

बाईनं डबा पिशवीत टाकला. भाऊंचा दंड सुटला. थोड्या वेळात एकही डबा उरला नाही.

अण्णा आमच्याच जीपमधून परत आले. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी टोपी नीट केली आणि मला विचारलं, "त्या लेकरावाल्या बाईचं गाव कंचं रे?"