हेमसिंगच्या नावाचं रडणं

हिरीबाई आमच्या मळ्यात मिरची तोडायला यायची. आसेगावच्या वरच्या अंगाला बरडावर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथली ती. बाकीच्या बाया तोडता तोडता गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. ही आपली एक ओळ धरून, सगळ्यांकडे पाठ करून पुढे पुढे जायची. माझी आई गोजराबाई तिला चिडवायची, "हिरे, तोंडात मिरची धरली का वं?" तेव्हा ती थोडं हसायची, तेवढंच.

पण तिनं जे केलं ते आमच्या गावातल्या एकाही बाईनं केलं नव्हतं. एकटी दक्षिणेत गेली, कृष्णेपर्यंत गेली आणि परत आली. मी मराठी सातवी झालेली, मला लिहिता येतं, म्हणून तिची हकीकत लिहून ठेवते. ती आपल्या भाषेत आपसात कशी बोलायची ते मला लिहिता येणार नाही. मला सांगितली ती आमच्या वऱ्हाडीत, तशीच घेते.

तिच्या नवऱ्याचं नाव हेमसिंग. घरात सासू जमनाबाई आणि धाकटा दीर लखीराम. हिरी लग्न होऊन आली तेव्हा लखीराम इतका लहान होता, की हिच्या हातानं जेवायचा. मूलबाळ तिला झालं नाही. तिचं सगळं लेकरूपण त्या दिरावरच गेलं.

ज्या साली ज्वारी शेतातच काळी पडली त्या साली दिवाळी झाल्यावर हेमसिंग आणि तांड्यातलाच अमरसिंग असे दोघं कृष्णा नदीवर मोठं धरण बांधणं चालू होतं तिथं दगडकामाला गेले. पाऊस लागता लागता अमरसिंग एकटाच परत आला.

त्यानं सांगितलं ते असं. उन्हाळ्यात हेमसिंगला ताप भरला. तो उतरेना. कामावर आजारी माणसाला कोण ठेवतं? अमरसिंगानं त्याला सडकेच्या कडेच्या एका तांड्यात नेलं. तिकडेही बंजाऱ्यांचे तांडे आहेत, भाषा तीच, देव सेवाभाया तोच. तिथं मंगली नावाच्या एका बुढीनं त्याला ठेवून घेतलं. पुढे पाण्यामुळे काम थांबलं आणि मजुरांना ट्रकात भरून परत पाठवलं. सकाळी ट्रक त्या तांड्याजवळून गेला तेव्हा सडकेवर बाया गळ्यात गळे घालून रडत होत्या, आणि रडण्यात हेमसिंगचं नाव होतं. अमरसिंगानं थांबवा थांबवा म्हणून फळीवर हात आपटले. ड्रायव्हरला त्याची भाषा कळली नाही, की कळूनही थांबला नाही, देव जाणे.

इथं एक सांगायला पाहिजे. बंजारा बायांच्या रडण्यालाही रीत असते. नवरी निघाली की रडतात, लेक माहेरी आली की रडतात, माणूस मेलं की रडतात. नुसतं हुंदके देणं नाही, ओळीवर ओळ जोडून, चाल धरून, नाव घेऊन. पुरुषाचं नाव त्या रडण्यात एकदाच येतं, तो गेल्यावर. म्हणून अमरसिंगाला आणखी विचारायची गरज वाटली नाही आणि तांड्यालाही त्याला विचारायची गरज वाटली नाही. आमच्यासारख्या कोणी ते रडणं ऐकलं असतं तर निदान काय झालं म्हणून चौकशी केली असती. त्यांना ते फार चांगलं कळत होतं, तिथंच चुकलं.

तांड्याचा नायक दौलतसिंग. माणूस वाईट नव्हता. त्यानं रीतीप्रमाणे सांगितलं, दसरा झाला की हिरीच्या दंडावरची सवाष्णीची बलोयं, म्हणजे बांगड्या, उतरवायची आणि लखीरामानं तिला घरात घ्यायची. भाऊ गेला तर भावजय धाकट्याकडे राहते, ही त्यांच्यातली जुनी चाल. लखीरामाला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. त्या दिवसापासून तो हिरीच्या समोर जेवायला बसेना. ती चुलीकडून उठली की मग यायचा, भाकर उचलून बाहेर जायचा.

हिरी पंचांपुढे गेली. बाई असून उभी राहून बोलली.

"अमरसिंगानं रडनं आयकलं. मुर्दा कोनं पाह्यला?"

दौलतसिंग म्हणाला, इतक्या दूर आता कोण जाणार पाहायला. बाईमाणसाचं तर ते कामच नाही.

"बाया रडल्या ते तुमाले खरं वाटलं ना," ती म्हणाली, "मंग बाईलेच पाहून येऊ द्या."

दसऱ्यापर्यंतची मुदत तिला मिळाली. आमची भाजीची गाडी वाशिमच्या बाजारात जात होती, तिच्यात आईनं तिला बसवून दिली. पदरात भाकरी आणि देवाचा अंगारा बांधला. वाशिमहून मोटारीनं हिंगोली, आणि तिथून पुढे आगगाडी.

हिंगोलीपासून पुढचा सगळा मुलूख आमच्याकडे अजून मोगलाईच म्हणतात. नांदेड, मग निजामाबाद. गोदावरीच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा डब्यातल्या लोकांनी हात जोडले, तिनंही जोडले. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. त्या पुलाच्या पुढे मराठी बोलणारं माणूस कमी कमी होत गेलं आणि हैदराबादच्या पुढे तर कोणीच उरलं नाही. पाण्याला काय म्हणतात तेवढं ती शिकली. बाकी हातानं दाखवायचं.

तिथून पुढे ती पायी गेली. काळी माती संपली, लाल माती आली, आणि डोंगर असे की कोणी मोठमोठे धोंडे एकावर एक रचून ठेवून विसरून गेलं. गावंही निरनिराळी. एका गावात घराघरात माग होते आणि सगळे बंद होते. विणकर ओट्यावर बसून होते, सूत मिळत नव्हतं म्हणून. एका म्हाताऱ्यानं तिच्या ओढणीवरचं भरतकाम हातात धरून उलटंसुलटं पाहिलं, घरात जाऊन तिला आंबिलीचा वाडगा आणून दिला, आणि पुन्हा मागापाशी जाऊन बसला.

पुढच्या भागात पाणीच वाईट. विहिरीचं पाणी दिसायला काचेसारखं, पण पिणाऱ्यांचे दात पिवळे आणि पाय वाकडे. चाळिशीचा माणूस काठी धरून जमिनीकडे पाहत चालायचा. बाया सांगायच्या, दुसरं पाणी पाच-सहा मैलांवर, रोज कोण आणील. लेकरांना तरी ते पाजू नये म्हणून एक बाई आपल्या दोन पोरांसाठी तेवढी एक घागर दुरून आणायची आणि स्वतः विहिरीचंच प्यायची. हिरी सांगायची, "मी बी तेच पेली. तहान लागली का मानूस पाय पाहत नाही."

नदीकडे जाताना तिला समोरून गाड्या येताना दिसल्या. त्या गाड्यांत घरं होती. दरवाज्याच्या चौकटी, वासे, जातं, तुळशीचं वृंदावन. धरणाचं पाणी येणार तिथली गावं उठत होती. एका गाडीत चौकटीच्या मधोमध एक म्हातारी बसली होती, जशी आपल्या दारात बसावी. हिरीनं तिला रामराम केला. म्हातारीनं काहीतरी विचारलं, ते हिला कळलं नाही. हिनं हेमसिंगचं नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. गाडी निघून गेली.

एवढ्या परक्या मुलखात तांडा दिसला की मात्र ती धावत सुटायची. कोणत्या गोताची, कोणत्या नायकाची एवढं सांगितलं की भाकर मिळायची, अंग टाकायला जागा मिळायची. आणि तिथल्या बाया तिच्या गळ्यात पडून रडायच्या. पहिल्यांदा ती घाबरली. कोण मेलं म्हणून पाहू लागली. मग कळलं की या मुलखात आल्या-गेल्या पाहुण्यासाठीही रडतात, बाई असो की पुरुष. आला म्हणून रडतात, चालला म्हणून रडतात.

"तवाच माह्या ध्यानात आलं," ती मला म्हणाली. "म्हटलं, मंग अमरसिंगानं आयकलं ते कोन्तं?"

मंगलीचा तांडा सापडेपर्यंत तिला दम निघाला नाही. बुढी झोपडीपुढे तुरीच्या काड्या मोडत बसली होती. हिरीनं नाव सांगितलं तशी ती उठली आणि हिच्या गळ्यात पडली. तिच्या रडण्यातूनच हिला सगळं समजलं. हेमसिंग उठून बसला, हेमसिंगनं भाकर खाल्ली, हेमसिंग बरा झाला, हेमसिंग आपल्या मुलखाला निघाला, म्हाताऱ्या आईकडे निघाला, तांड्याच्या बाया सडकेपर्यंत आल्या. अमरसिंगाचा ट्रक गेला त्याच सकाळी तो निघाला होता. सडकेनं गेला असता तर पुढे ट्रकालाच भेटला असता. पण पाऊलवाटेनं गेला. गाडीच्या तिकिटापुरतं त्याच्याजवळ काही राहिलं नव्हतं, म्हणून पायीच.

म्हणजे मेला नव्हता. चालत येत होता. आणि ही त्याच्या डोक्यावरून आगगाडीत बसून इकडे आली होती.

ती दुसऱ्याच दिवशी मागे फिरली, आता त्याच्या वाटेनं. तांड्यामागून तांडा विचारत आली. एका ठिकाणी तो दोन दिवस राहिला होता, बैलाचा पाय बांधून दिला होता. एका ठिकाणी त्याला पुन्हा थोडा ताप होता, पण थांब म्हटलं तर थांबला नाही, घरचे वाट पाहत असतील म्हणाला. गोदावरीच्या अलीकडच्या शेवटल्या तांड्यात सांगितलं की हो, आला होता, पूर चढत होता तेव्हाच नावेच्या घाटाकडे गेला. घाटावरच्या नावाड्याला काही आठवेना. त्या दिवसांत किती माणसं उतरवली, तो म्हणाला, चेहरे कोण ध्यानात ठेवतं. नदीच्या पलीकडे पहिला तांडा होता तिथं कोणी त्याला पाहिलं नव्हतं. दुसऱ्यातही नाही. हिरी पुन्हा नदीवर गेली, पुन्हा पलीकडे, पुन्हा अलीकडे. दोन्ही थड्यांना विचारून झालं तेव्हा दसरा तोंडावर आला होता.

मी तिला एकदा म्हटलं होतं, इतक्या वाटेनं तू एकटी, पण देव सोबत असेलच ना. ती म्हणाली, "असन. बोलला नाही मातर."

ती तांड्यात आली ती दुपारची वेळ. तिथं काय झालं ते मला लखीरामानंच सांगितलं. सगळे जमले. ती उभी राहिली आणि जे होतं ते सांगितलं, नदीच्या घाटापर्यंतचं. दौलतसिंगानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की इतका जवळ येऊन तो महिना-दोन महिने घरी आला नाही, याचा अर्थ कोणालाही कळतो. हिरी म्हणाली, तिथून तो जिवंत निघाला हे मी पाहून आली, नदीत गेला हे कोणी पाहिलं असेल त्यानं सांगावं. अमरसिंग खाली पाहत होता. बाया लांब उभ्या होत्या. एवढ्या दुरून आली, पण एकही पुढे झाली नाही. घरी परत आलेल्या सुनेसाठी त्यांच्यात रडणं नाही. त्या साऱ्या मुलखात परक्या बायांनी तिला गळ्याशी धरलं होतं, आणि आपल्या तांड्यात ती उन्हानं तापलेल्या अंगणात एकटी उभी होती.

दौलतसिंग म्हणाला, ठरलं तसंच करू.

तेव्हा जमनाबाई उठली. तिचे गुडघे गेलेले, धरून धरून आली, हिरीच्या गळ्यात हात टाकले आणि चाल धरून रडू लागली. सगळे कान देऊन राहिले की आता ती लेकाचं नाव घेईल आणि विषय संपेल. तिनं घेतलं नाही. माझी लेक आली, ती रडत होती, दूरच्या मुलखाची तहान सोसून लेक आली, लेकीचे पाय फुटले, आईच्या दारी लेक आली.

दौलतसिंगाला समजायला वेळ लागला. म्हणाला, "जमनाबाई, हे काय करून राह्यली तू? सून हाये ते तुही."

"मी लेक म्हनून रडली. साऱ्या तांड्यानं आयकलं." ती रडणं थांबवून म्हणाली. "आता लखीराम तिचा भाऊ झाला. भावाच्या घरात बहीन बायको म्हनून कशी धाडसान?"

तोंडानं म्हटलेलं परत घेता येतं. रडण्यात म्हटलेलं घेता येत नाही. बाया तेव्हा एकेक करून पुढे आल्या आणि जमनाबाईच्या चालीत चाल मिळवू लागल्या. लखीराम आला, हिरीच्या पायावर डोकं ठेवून तसाच राहिला. दौलतसिंगानं पागोटं काढून मांडीवर घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मंग या पोट्ट्यासाठी पोरगी पाहा लागते."

दंडावरची बलोयं राहिली. लेकीच्या दंडाकडे पाहायचं काम सासरच्यांचं, आणि तिला आता सासर नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात लखीरामाचं लग्न झालं. हिरीबाई करवली म्हणून गेली, नव्या लुगड्यात. परत मळ्यात आली तेव्हा मी विचारलं, कसं झालं लग्न. चांगलं झालं म्हणाली. नवरी निघाली तेव्हा तिकडच्या बाया फार रडल्या. तीही रडली, सगळ्यांत जास्त, इतकी की नवरीच्या आईनं तिला धरलं.

"कोनाचं नाव घेऊन रडली?" मी विचारलं. आता वाटतं, विचारायला नको होतं.

"नाव नाही घेतलं," ती म्हणाली. "घेतलं असतं तर तो गेला असता ना."

मग ती आपल्या ओळीत वाकली आणि मिरची तोडत पुढे गेली.