पोत्यात काय घालायचं?

आम्ही चार जुने चाळकरी भेटलो की किस्से निघतात. एकाचं सांगून होतंय न होतंय तोच दुसरा म्हणतो, "अरे, आणि ते पोतं?" मग पोत्याचे किस्से सुरू होतात आणि समोरचा चहा गार होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीतले सखारामदादा सत्याग्रह करून तुरुंगात गेले होते. खोलीत मंजुळावहिनी एकट्या. दादा कधी सुटणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आसपासच्या चाळींतही अशी घरं होती. म्हणून आमच्या मंडळाने ठरवलं, घरोघरची रद्दी, बाटल्या, भंगार गोळा करून विकायचं आणि या घरांना धान्य पोचवायचं.

पोतं माझ्या खांद्यावर. त्यात काय जाईल आणि काय नाही, हे सांगायला शाळेतले मोरे मास्तर. मास्तर म्हणाले, "अगदी सोपं आहे. घरात नको ते पोत्यात." तिथूनच माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला.

*

पहिल्यांदा वर्तमानपत्रं. मास्तर म्हणाले, "देवाचा फोटो असेल तर कापून घ्या. उद्या त्यात कुणी भजी बांधील." पटलं. मग कुणीतरी विचारलं, हुतात्म्यांच्या फोटोंचं काय? तेही कापले. मग आपल्या पुढाऱ्यांचे. मग मोर्चाच्या फोटोत बायकांना आपापले नवरे दिसायला लागले, म्हणून मोर्चेही कापले. विरोधातल्या पुढाऱ्यांना मात्र कुणी कात्री लावू देईना. "त्यांच्यात सुकट बांधू देत," एक आजी म्हणाल्या.

रद्दीवाल्याने एक पान उजेडात धरलं, तर पलीकडून मला त्याचं नाक आणि दोन्ही डोळे नीट दिसले.

"मास्तर," तो म्हणाला, "यात चणे बांधले तर गिऱ्हाईक घरी पोचेल, चणे रस्त्यात राहतील."

*

तेव्हा दवाखान्यात औषधाला बाटली आपली आपण न्यावी लागे. शेजारच्या गावडेकाकांचा खोकला बरा झाला, तशी त्यांनी मोठ्या मनाने बाटली पोत्यात टाकली. दुसऱ्या दिवशी काका खोकत माझ्या दारात.

"बाटली गेली नि खोकलो इलो," ते म्हणाले. "माझी बाटली दी."

बाटली तर विकून झाली होती. मास्तरांनी नवा नियम काढला: बरं झालेल्या माणसाची बाटली घ्यायची नाही. मी विचारलं, "मग आजारी माणसाची घ्यायची?" मास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. त्यानंतर आमच्या चाळीतून एकही बाटली आली नाही.

*

वहिनींच्या खोलीतून तर काहीच येत नव्हतं. दादांच्या अंगठा तुटलेल्या चपला, काड्या मोडलेली छत्री, खुंटीवरचे विरलेले सदरे, सगळं दादा गेले त्या दिवशी होतं तिथेच. मास्तर समजवायला गेले, "वहिनी, या छत्रीने आता पाऊस अडत नाही."

"नाय अडू दे," वहिनी म्हणाल्या. "माणूस भायर आसताना तेची वस्तू उंबऱ्याभायर जावक नको. ह्यांच्या चपला तुम्ही न्हेलात आणि हे परत नाय इले, तर मी कोणाक विचारू?"

मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. पण त्यांनी हातातली छत्री परत होती तिथेच टेकवली. मला मात्र वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. पुढे वहिनींच्या दारावरून जाताना मी पोत्याचं तोंड घट्ट आवळून धरत असे. चुकून त्यांच्या घरातलं काही आत पडायला नको.

*

एकदा पोत्यात अश्रुधुराचं रिकामं नळकांडं निघालं. भंगारवाला दोन पावलं मागे सरला. "सरकारी माल आहे. मी नाही घेणार."

"सरकारने स्वतःच आमच्या गल्लीत टाकलाय," मास्तर म्हणाले. "टाकलेला माल कुणाचा?"

"टाकणाऱ्याचा."

"मग तुझ्या दुकानातला सगळा माल लोकांचाच की!"

भंगारवाला विचारात पडला. मीही पडलो. शेवटी ते चौकीवर नेऊन द्यायचं ठरलं, पण नेणार कोण, ते ठरेना. मास्तरांच्या आईने ते घासून त्यात उदबत्त्या ठेवल्या.

*

आणि मग एका दुपारी सखारामदादा सुटून आले. चाळीने गुलाल उधळला, वहिनींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आणि मी हार घेऊन त्यांच्याकडे निघालो. जिन्यात बोहारीण भेटली, जुने कपडे घेऊन त्यावर भांडी देणारी. डोक्यावर हे मोठं गाठोडं, तोंडभर हसू.

वहिनींच्या दाराबाहेर चपला आणि मोडकी छत्री नीट मांडून ठेवली होती. आत सगळ्या खुंट्या रिकाम्या. शेगडीवर नवंकोरं पातेलं. आणि खाटेवर दादा, नुसता पंचा नेसून, उघड्या अंगाने बसलेले.

"ता भायरचा सगळा तुमच्या पोत्यात घाला," वहिनी मला म्हणाल्या.

मास्तर पुढे झाले. त्यांनी तसाच दादांच्या उघड्या गळ्यात हार घातला. दादा हाराआडून कुरकुरले, "अगो, एक तरी सदरो ठेवचो होतो. सांजच्या सभेक मी काय पंच्यार जाव?"

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "आता तुमका खंय जावचा आसा?"