मेंढरांतून काळविटापर्यंत

चनमल्लप्पाचा सोलापुरात फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो, नोकरीच्या अर्जाचे फोटो, आणि कुणाच्या घरी माणूस गेलं की खुर्चीत बसवलेल्या देहाचा शेवटचा फोटो, ही त्याची कामं.

बहात्तरच्या दुष्काळात असंच एका मयताचं काम उरकून तो वळसंगहून निघाला होता. वाटेत एका विहिरीजवळ गुरांच्या दगडी डोणीवर काळवीट पाणी पिताना दिसलं. चनमल्लप्पा पाच पावलांवर गेला तरी ते हललं नाही. त्यानं फोटो काढला, मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. बघायला गर्दी झाली. "इतक्या जवळ गेलात तरी कसे?" जो तो विचारी.

आठ दिवसांनी त्यानं फोटो काचेतून काढून ठेवला. बायको गौरम्मा म्हणाली, "का काढला? त्याच्यामुळं गिऱ्हाईक आत येतंय की."

"बरगड्या बघ त्याच्या. पळायचं बळ नव्हतं म्हणून थांबलं ते. त्यात माझं काय कसब?"

पुढं दोन-तीन वर्षांनी पाऊस बरा झाला, माळावर गवत उभं राहिलं, आणि चनमल्लप्पा सुट्टीच्या दिवशी सायकल काढून तिकडं जाऊ लागला. धडधाकट काळवीट जवळून टिपायचं, एवढंच डोक्यात होतं. पण त्याच्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणणारं भिंग नव्हतं. झुडपाआड दबून काढलेल्या फोटोत काळवीट ज्वारीच्या दाण्याएवढं येई. पोटावर सरपटत गेला की अख्खा कळप उड्या मारत पसार. फिल्मचे चार रोळ असे वाया गेले.

मायाक्का नावाची धनगरीण तिथं मेंढरं चारायची. ती हे सगळं बघत होती. एक दिवस न राहवून म्हणाली, "फोटूवाले, तुमी असं सरपटत का जाताय? लांडगा असाच येतो की!"

"मग कसा जाऊ?"

"माज्या मेंढरांत चला. मेंढरांना ती भीत न्हाईत. पर हा पांढरा सदरा न्हाय चालायचा." तिनं नवऱ्याचं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं. "आन् त्यांच्याकडं टक लावून बघू नका. खाली बघून चाला."

खाली बघणं सोपं होतं. त्याचा कॅमेरा पोटाशी धरून वरच्या काचेत बघायचा होता. पहिल्या दिवशी घोंगडीच्या केसांनी त्याला सटासट शिंका आल्या आणि कळप उधळला. मायाक्का हसून हसून खाली बसली.

पुढच्या खेपेला सकाळपासून तो मेंढरांच्या चालीनं चालला. चार पावलं टाकायची, थांबायचं. ऊन चढलं. मग कॅमेऱ्याच्या काचेत एकदम काळवीट आलं, पंधरा पावलांवर. पिळाची शिंगं, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, ओठाला चिकटलेलं कुसळ. काचेत चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं. ते डावीकडं सरकलं की याला कॅमेरा भलतीकडंच वळवावासा वाटे. खटका वाजला तसे काळविटाचे कान ताठ झाले. मान वर करून त्यानं मेंढरांकडं पाहिलं, घोंगड्याकडं पाहिलं, आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. चनमल्लप्पानं आणखी तीन फोटो घेतले. मग कॅमेऱ्याचं झाकण मिटलं आणि काळवीट दूर जाईपर्यंत नुसता बघत उभा राहिला.

चारांतले दोन स्वच्छ आले. त्यातला एक मोठा करून तो मायाक्काला द्यायला गेला. तिनं हात पदराला पुसून फोटो धरला, बराच वेळ पाहिला.

"काळवीट झ्याक हाय," ती म्हणाली, "पर ही माजी भुंडी मेंढी अर्धीच का वो काढली?"

"ती मध्येच आली."

"मदी तुमी आला की! तिचा पुरा काढा आता."

चनमल्लप्पानं कॅमेरा उघडला. मेंढी जागेवर ठरेना. मायाक्कानं तिचे कान धरले, पुढ्यात शेंगांचा पाला टाकला, आणि सूर्य कलेपर्यंत कॅमेऱ्यातला अख्खा रोळ तिच्यावरच संपला.