पोल्ट्रीच्या शेडमधला मेटल बँड

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत मी अप्रेंटिस होतो, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी प्रेस होती. बाकीच्या प्रेस एका ठेक्यात पत्रा ठोकायच्या. ही मात्र सहा ठोके नीट द्यायची आणि सातव्याला किंचित अडखळायची. सगळे तिला शिव्या घालायचे. ती चालवणारा ऑपरेटर तेवढा तिच्यावर खूश होता.

तो नगर शहरातला, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे, त्यामुळे पत्र्याच्या आवाजातच तो वाढलेला. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याच्या झाकणावर त्या प्रेसचा ठेका वाजवायचा. एकदा मी त्याच्याशेजारी बसून भाकरी खाता खाता मान हलवायला लागलो, तर तो थांबला.

"तुला कळतंय काय वाजवतोय ते?"

"सात मात्रा आहेत. शेवटची जरा लंगडी."

त्याने डबा बंद केला आणि विचारलं, "तू काय वाजवतोस?"

मी बास गिटार वाजवायचो. म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो आणि घरात माझ्याशिवाय ती कुणाला ऐकू येत नव्हती. तो एका बेंजो पार्टीत ड्रम वाजवायचा आणि लग्नातली तीच तीच गाणी वाजवून कंटाळला होता. आम्हाला दोघांनाही मेटल, म्हणजे जड गिटारचं कडक रॉक संगीत, आवडायचं. त्यातही नुसतं वेगात बडवणारं नाही, तर ज्यात मध्येच गाणं येतं, मध्येच ओरडणं येतं आणि ठेका कुठे वळेल त्याचा अंदाज लागत नाही असलं. त्याला अल्टरनेटिव्ह मेटल म्हणतात हे आम्हाला नंतर गिटारवाल्याने सांगितलं.

गिटारवाला देवळाली प्रवऱ्याचा, राहुरीच्या विद्यापीठात शेतकीचं शिकत होता. माझं घर राहुरीतच, त्यामुळे ओळख होती. त्याच्याकडे गिटार होती, अँप्लिफायर होता आणि मुख्य म्हणजे उसाच्या रानात वडिलांची पोल्ट्री होती. कोंबड्यांचा एक लॉट गेला की दुसरा येईपर्यंत दोन-तीन आठवडे शेड रिकामी असायची. धुऊन, चुना मारून वाळत ठेवलेली. त्या दोन-तीन आठवड्यांत आमचा सराव. पिल्लं आली की बँड बंद, पक्षी विकले की बँड सुरू. त्याची आई पहिल्याच दिवशी दारात येऊन म्हणाली, "वास गेला नाही अजून, नाकाला रुमाल बांधा," आणि चहा ठेवून गेली. गाण्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. वासाचं मात्र तिला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं.

गाणारी मुलगी आम्हाला चर्चमध्ये सापडली. नाताळच्या आधी राहुरीत क्वायरचा कार्यक्रम होता आणि ड्रमरला तिथे वाजवायला बोलावलं होतं. मागच्या रांगेत उभी राहून ती सगळ्यांत खालचा सूर धरायची आणि तिचा आवाज बाकाच्या लाकडातून पायाला जाणवायचा. ती बी.एड. करत होती. ड्रमरने तिला त्या प्रेसच्या ठेक्यावरची आमची एक चाल ऐकवली. ती म्हणाली, "यात शब्द कुठे आहेत?"

"तूच लिही," तो म्हणाला.

तिने एका आठवड्यात गाणं लिहून आणलं. ज्या गोष्टी तिला कुणी ना कुणी रोज करायला सांगायचं, त्यांची ती यादी होती. स्थळ बघायला चल, हळू हस, सरळ बस, फोन दे. प्रत्येक ओळीनंतर एकच शब्द, 'न्हाई', पोटातून ओरडलेला. सातव्या ठोक्यावर.

तिचे वडील मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी तो कागद लाल पेनाने तपासून आमच्याकडे पाठवला होता. प्रत्येक 'न्हाई' खोडून 'नाही' केलेलं. आम्ही चहाला गेलो तेव्हा त्यावरून वाद झाला.

"प्रमाण भाषेत लिहा ना," ते म्हणाले.

"पप्पा, 'नाही' ओरडून बघा तुम्ही."

त्यांनी खरंच बघितलं. तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणाले, मग जरा मोठ्याने. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "बरं, राहू दे. पण 'स्थळ'ला 'ळ' असतो, 'ल' नाही, ते तरी बदला."

शेडच्या पलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ऊस होता. एका संध्याकाळी आम्ही सराव सुरू केला तसा हा माणूस बांधावरून येताना दिसला. आता शिव्या खाव्या लागणार म्हणून गिटारवाल्याने आवाज बंद केला.

"बंद कशाला केलं?" ते म्हणाले. "तुमी वाजवायला लागल्यापास्नं बिबट्या हिकडं फिरकला न्हाई. रोज वाजवत जावा की."

आम्ही म्हटलं, परवा पिल्लं येणार आहेत, आता दोन महिने बंद. म्हाताऱ्याला लई वाईट वाटलं. गिटारवाल्याने मग त्यांच्या मोबाईलमध्ये आमच्या सरावाचं रेकॉर्डिंग घालून दिलं. ते उसाला पाणी धरताना खिशात ते लावून फिरायचे. आमचे पहिले श्रोते तेच.

आमचा पहिला कार्यक्रम गिटारवाल्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. पहिली दोन मिनिटं मुलं नुसती बघत राहिली. मग तिसऱ्या 'न्हाई'ला मागच्या बाकावरच्या पोरींनी साथ दिली आणि पाचव्याला अख्खा हॉल ओरडायला लागला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला. पुढच्या आठवड्यात मी नागापूरला रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याच्या फोनची रिंगटोन तीच. मी नुसता हसत बसलो आणि माझा स्टॉप गेला.

त्यानंतर वर्षभर आम्ही फार मजा केली. गणपतीत वाजवलं, नगरमध्ये वाजवलं, संगमनेरला वाजवलं. पुण्याच्या एका स्पर्धेला पोल्ट्रीच्या पिकअपमधून सामान नेलं. तिथली इतर मुलं काळ्या कपड्यांत, केस मोकळे सोडून आलेली. आमची गायिका पिवळ्या पंजाबी ड्रेसमध्ये उभी राहिली आणि तिने पहिली किंचाळी मारली तेव्हा साउंडवाल्याने घाबरून कानावरचा हेडफोन काढला. आमचा दुसरा नंबर आला. परत येताना सुप्याच्या अलीकडे थांबून आम्ही चौघांनी एवढी मिसळ खाल्ली की मागे बसायला जागा कमी पडली.

स्पर्धेमुळे पुण्यात एका स्टुडिओत गाणं नीट रेकॉर्ड करण्याची संधी मिळाली. दोन दिवस ठरले आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत ड्रमरला सुट्टी मिळाली नाही. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "ड्रम कॉम्प्युटरवर टाकतो. कळणारसुद्धा नाही कुणाला."

गायिका लगेच म्हणाली, "त्याला फोन करून विचार."

फोन माझ्या हातात होता. मी केला नाही. विचारलं तर तो थांबा म्हणेल आणि तारीख जाईल, ही भीती होती. मी म्हटलं, "तयार करूनच ऐकवू, खूश होईल."

पुढच्या रविवारी दुपारी शेडमध्ये त्याला ते ऐकवलं. त्याने एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं आणि दर सातव्या ठोक्याला ते एकटंच मागे राहत होतं. कॉम्प्युटरने तो ठोका सरळ करून टाकला होता.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "पण यात मी कुठंय?"

नगरला एक कार्यक्रम आधीच कबूल केलेला होता. तो आला, आजवर वाजवलं नव्हतं इतकं सुंदर वाजवलं, सगळ्यांशी नीट बोलला आणि ड्रम रिक्षात घालून घरी गेला. मग फोन उचलेना. माझी अप्रेंटिसशिप तोवर संपलेली, त्यामुळे कंपनीतही भेट होत नव्हती. महिन्याभरात गिटारवाल्याला परदेशात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. त्याने अर्ज केल्याचं आम्हाला सांगितलंच नव्हतं. गायिकेला शाळेत नोकरी लागली. तिने मला स्वच्छ सांगितलं, "बँड तू मोडलास. आता तूच जाऊन माफी माग."

मला ते करायला एक वर्ष लागलं. ईदच्या दिवशी दुपारी त्याच्या घरी गेलो, कारण त्या दिवशी दारातून कुणाला परत पाठवत नाहीत हे मला ठाऊक होतं. त्याच्या आईने मला ओळखलं, शीरखुर्म्याची वाटी दिली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तो फ्रीजमागे वाकून काहीतरी सरकवत होता.

मी उभ्याउभ्याच बोललो. "मी फोन करायला पाहिजे होता. तिने सांगितलंही होतं. मी मुद्दाम केला नाही."

तो सरळ झाला. कपाळाचा घाम पुसला.

"मी हो म्हटलं असतं रे," तो म्हणाला. "तारीख जाऊ नये हे मलाही कळत होतं. विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, टाका कॉम्प्युटरवर."

हातातली वाटी गार होत होती.

"ते संपव आधी," तो म्हणाला, "आणि आलाच आहेस तर खालून धर. हा फ्रीज वरच्या मजल्यावर न्यायचाय, बहीण राहायला येतेय."

जिना अरुंद होता. मी खाली, तो वर. अर्ध्या जिन्यात फ्रीज अडकला आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता, हसत बसलो. खालून त्याची आई विचारत होती, काय झालं, पडलं की काय कुणी.