माशीची गोचीड

मधपेटी उघडली की घाई चालत नाही. हात सावकाश, आवाज हळू. मग माणसं गप्पा मारत बसतात आणि किस्से साठत जातात. आमचे तिसगावकडचे चौघे असेच. भाऊसाहेब शेतकरी, मंदाताई त्यांच्या शेजारच्या मळ्यातल्या, केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले सर, आणि मी मेडिकलवाला. चौघांच्याही पेट्या आहेत.

*

एकदा भाऊसाहेबांच्या पेटीपुढे पंख चुरगळलेल्या माश्या सरपटताना दिसल्या. सरांनी एक उचलून दाखवली. पाठीवर तांबूस ठिपका. माइट!

"म्हंजी गोचीड? म्हशीला असती तशी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तशीच. पण म्हैस निदान भिंतीला अंग घासते," सर म्हणाले.

भाऊसाहेब बराच वेळ ती माशी तळहातावर घेऊन बसले.

*

माइट किती झालेत ते बघायला थोड्या माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवायच्या. माइट निसटून खाली पडतात. मंदाताई घरची साखर दळून घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाईंना शुगर. त्या बांधावरून सगळं बघत होत्या.

"माश्यांना वाटीभर, अन् माझ्या च्यात चिमूटबी न्हाई!"

*

मग फॉर्मिक ॲसिड आणलं. त्याची वाफ पेटीत पसरते आणि माइट मरतात. सरांनी बजावलं होतं, उन्हात नको, मापापेक्षा जास्त नको. भाऊसाहेबांना वाटलं, जरा जास्त घातलं तर लवकर गुण येईल. भर दुपारी एकट्यानेच घातलं! वाफ एकदम उठली, माश्या बाहेर येऊन पेटीला लोंबकळल्या. दुसऱ्या दिवशी दारात राणीमाशी मरून पडलेली.

मला वाटलं, आता सर चिडणार.

"मीही एकदा लॅबमध्ये असाच शहाणपणा केला होता," सर म्हणाले. "मुलांना मात्र कधी सांगितलं नाही."

मंदाताईंनी आपल्या पेटीतली अंडी असलेली पोळ्याची एक फ्रेम काढून आणली आणि भाऊसाहेबांच्या पेटीत लावली. माश्यांनी त्यातून नवी राणी तयार केली.

*

हिवाळ्यात ऑक्झॅलिक ॲसिडची पाळी. पोळ्याच्या झाकलेल्या घरांत पिलांबरोबर दडलेल्या माइटपर्यंत ते पोचत नाही. म्हणून आधी राणीला छोट्या पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची.

"किती दिवस?" मंदाताईंनी विचारलं.

"तीन आठवडे तरी. खाणंपिणं माश्या आणून देतात. तिला काम काही नाही."

"सर, त्यात माझ्यापुरती जागा हुईल का?"

*

यंदा पेट्या सावरल्या, मध आला. रस्त्याकडेला टेबल मांडून आम्ही बसलो होतो. शिर्डी करून बीडकडे निघालेली एक गाडी थांबली. बाई उतरल्या, बोटभर मध चाखला, खूश झाल्या.

"सहा बाटल्या द्या. ऑर्गॅनिकच आहे ना? पेटीत औषध वगैरे काही घालत नाही ना?"

"ॲसिड घालतो," भाऊसाहेब म्हणाले.

पर्स उघडणारा हात थांबला. सर घाईघाईने म्हणाले, "अहो, ते ॲसिडसुद्धा ऑर्गॅनिकच आहे!" त्याने प्रकरण आणखी बिघडलं. मध काढून झाल्यावरच घालतो, पालकातसुद्धा हेच ॲसिड असतं, एवढं सांगेपर्यंत गाडी पाथर्डीच्या वाटेला लागली.

मंदाताई भडकल्या. "भाऊसाहेब, न्हाई म्हनायचं हुतं! सहाच्या सहा बाटल्या गेल्या!"

भाऊसाहेब बाटल्या पुन्हा ओळीत लावत होते.

"पन ताई, त्यांनी इचारलं ना."